कॉम्प्युटर चालू केला की नेट यायला दहा मिनिटं लागतात? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

सकाळी सेवा केंद्राचं शटर वर जातं, बाहेर चार-पाच जण कागदपत्रं घेऊन उभे असतात. कॉम्प्युटर चालू होतो, स्क्रीनवर सगळं दिसतं, पण कोपऱ्यात नेटच्या जागी नुसता पृथ्वीचा गोळा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग आपोआप नेट येतं आणि दिवसभर व्यवस्थित चालतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. दूध संकलन केंद्र, पतसंस्था, शाळेचं ऑफिस, ग्रामपंचायत, घरातला पोरांचा लॅपटॉप, तक्रार सगळीकडे सारखीच. इतर दिवशी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण फॉर्मची शेवटची तारीख असेल, त्यातच लाईट ये-जा करत असेल, तर हीच दहा मिनिटं दिवसातून चार वेळा जातात.

अशा वेळी मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारावा लागेल." आमच्याकडेही एका मशिनला दोनदा फॉरमॅट मारून झालं, पैसे गेले, जुन्या फाईली गेल्या आणि शेवटी दोष निघाला राऊटरच्या अडॅप्टरचा. म्हणून हा लेख. यातल्या बहुतेक गोष्टी घरच्या घरी, एक रुपया खर्च न करता तपासता येतात. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय. मेनूची नावं थोडी इकडे-तिकडे असतील, पण वाट तीच.

पहिली तपासणी मोबाईलवर

कॉम्प्युटर चालू केला आणि नेट आलं नाही की लगेच मोबाईलचा डेटा बंद करा, त्याच वाय-फायला मोबाईल जोडा आणि एखादी वेबसाईट उघडा. मोबाईलवरही नेट नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, दोष राऊटर किंवा लाईनमध्ये आहे. मोबाईलवर झटकन चाललं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. ही एक तपासणी केली तरी निम्मं काम होतं. पण ती सकाळी, कॉम्प्युटर चालू झाल्या-झाल्या करायची. दुपारी सगळं सुरळीत असताना करून काहीच कळणार नाही.

आणखी एक बघा. नेट खरंच नाही, की कॉम्प्युटरच संथ आहे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या खाली १०० टक्के दिसत असेल तर नेट आलेलं असतं, ब्राऊझरच उघडायला वेळ घेतोय. जुन्या हार्डडिस्कवर विंडोज १० किंवा ११ टाकलेल्या मशिनची ही नेहमीची गत. तिथे नेटच्या सेटिंगशी कितीही खेळलात तरी फरक पडणार नाही. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणे हाच त्यावर इलाज.

राऊटरला उठायला वेळ लागतो

आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण हेच. रात्री मेन स्विच बंद करून जायचं आणि सकाळी एकाच बटणावर कॉम्प्युटर, राऊटर, फायबरचा डबा, प्रिंटर सगळं एकदम चालू करायचं, ही आपली सवय. एसएसडीवाला कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उभा राहतो. फायबरच्या डब्याला मात्र आधी स्वतः चालू व्हायचं असतं, मग लाईनवर कंपनीच्या यंत्राशी ओळख पटवायची असते, मग लॉगिन, मग वाय-फाय. यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. लाईट गेली-आली की हा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

डब्यावरचे दिवे वाचायला शिका. पॉवरचा दिवा तर कळतोच. 'पॉन' नावाचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर ओळख पटवणं चालू आहे, स्थिर झाला की पटली. 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा कनेक्टर निसटलाय. लाल दिवा असताना राऊटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही, तक्रारच करावी लागते. पिवळी फायबर वायर खिळ्याला गुंडाळून घट्ट वळवू नका, आतली काच मोडते.

आता यातली खरी गंमत. पुष्कळ जण सांगतात, "बरोब्बर पाच मिनिटांनी नेट आपोआप येतं." हे पाच मिनिटांचं गणित उगाच नाही. कॉम्प्युटर चालू झाला की तो राऊटरकडे स्वतःसाठी एक पत्ता मागतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. राऊटर अजून उठलेला नसेल तर उत्तर येत नाही. दोन-चार वेळा विचारून झालं की विंडोज स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेऊन बसतं. त्याची सुरुवात नेहमी १६९.२५४ अशी असते. या पत्त्यावर बाहेरचं नेट चालत नाही. त्यानंतर विंडोज साधारण दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं. तेवढ्यात राऊटर उठलेला असतो, पत्ता मिळतो आणि नेट "आपोआप" येतं.

केबल थेट राऊटरमध्ये असेल तर हा त्रास कमी होतो, कारण राऊटर जागा झाला की कॉम्प्युटरला केबलमध्ये जीव आल्याचं कळतं आणि तो लगेच पत्ता मागतो. पण मध्ये छोटा स्विच बसवलेला असेल, म्हणजे एका केबलवरून तीन-चार कॉम्प्युटर चालवायचा तो डबा, तर स्विच लगेच चालू होतो. कॉम्प्युटरला वाटतं जोडणी झाली, तो पत्ता मागतो आणि पलीकडे राऊटर अजून झोपलेला असतो. शाळा, पतसंस्था आणि सेवा केंद्रात हा प्रकार जास्त दिसतो, तो यामुळे.

तुमच्याकडे हेच होतंय का ते बघायला स्टार्टच्या सर्चमध्ये सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून काळी खिडकी उघडा. तिथे आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. आयपीव्ही४ अॅड्रेससमोरचा आकडा १६९ ने सुरू होत असेल तर रोग सापडला. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर पत्ता मिळालेला आहे, दोष पुढे शोधायचा.

उपाय सोपा आहे. राऊटर आणि फायबरचा डबा आधी चालू करा, दिवे स्थिर होऊ द्या आणि मगच कॉम्प्युटरचं बटण दाबा. तोपर्यंत झाडलोट होते. त्याहून बरं म्हणजे राऊटर मेन स्विचवरून काढून वेगळ्या पॉइंटवर घ्या आणि रात्रभर चालूच ठेवा. वीज फारशी खात नाही. लाईटचा फारच लपंडाव असेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो दुकानदाराला दाखवा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चेही असतात, अंदाजाने घेऊ नका. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर बॅकअप दोघांनाही हवा. एकालाच दिला तर उपयोग शून्य. आणि एखाद्या सकाळी घाई असेल, पत्ता १६९ चा दिसत असेल, तर पाच मिनिटं वाट बघू नका. केबल काढून दहा सेकंदांनी परत लावा, वाय-फाय असेल तर बंद-चालू करा. विंडोज लगेच नव्याने पत्ता मागतं.

राऊटरचा अडॅप्टर जुना झाला की दिवे लागतात, पण ताण आला की राऊटर मध्येच बंद होऊन परत चालू होतो. अडॅप्टर हाताला फार गरम लागत असेल, दिवे मधूनच सगळे विझून परत लागत असतील, तर तेवढ्याच व्होल्टचा दुसरा लावून बघा. फॉरमॅटच्या आधी हे करायचं, आम्ही उलटं केलं.

लांबच्या खोलीसाठी कुणी दुसरा राऊटर जोडला असेल तर तिथेही एक भानगड असते. दोन्ही राऊटर पत्ते वाटायला बसतात. सकाळी ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो. कधी नेट चालतं, कधी नाही. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करायचं किंवा तो अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा. ज्याने जोडला त्यालाच सांगा, त्याला माहीत असतं.

घड्याळ बघा, तारीख बघा

ही गोष्ट लहान वाटते, पण जुने आणि सेकंडहँड डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवाच. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यातली तारीख बघा. तिथे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं साल दिसलं तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. शर्टाच्या बटणासारखा गोल सेल असतो, नंबर सीआर २०३२. मेन स्विच बंद असतानाही घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो मेला की रोज रात्री तारीख मागे जाते.

याचा नेटशी काय संबंध? मोठाच संबंध आहे. बँक, सरकारी पोर्टल, मेल या सगळ्या वेबसाईट सुरक्षेसाठी एक प्रमाणपत्र दाखवतात आणि त्यावर मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं आज २०१० साल आहे, मग ते प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. ब्राऊझर साईट उघडत नाही, कनेक्शन खाजगी नाही किंवा घड्याळ मागे आहे असा इंग्रजी इशारा देतो. लोक म्हणतात नेट नाही. नेट असतं. काही वेळा विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं आणि मग सगळं चालू होतं, म्हणून ते "उशिरा येणारं नेट" वाटतं. फरक वर्षांचा असेल तर बऱ्याचदा आपोआप दुरुस्त होत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम, तिथे साल-तारीख हाताने नीट करा आणि सिंक नाऊ दाबा. मग सेल बदलून घ्या. घड्याळाच्या दुकानातही मिळतो, महाग नसतो.

बंद केला म्हणजे बंद झाला, असं नाही

२०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग जसाच्या तसा डिस्कवर साठवून झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. पण त्याबरोबर वाय-फाय किंवा लॅन कार्डाच्या ड्रायव्हरची जुनी अडचणही साठवली जाते. रोज बंद-चालू करूनही तोच त्रास राहतो तो त्यामुळे. खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू उघडा आणि खाली अप टाइम बघा. रोज रात्री बंद करणाऱ्याच्या मशिनवरही तिथे दहा-बारा दिवस दिसतात, लोक चक्रावतात.

आधी एकदा रीस्टार्ट करून बघा. शट डाऊन नाही, रीस्टार्ट. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. त्यानंतर नेट लगेच आलं तर फास्ट स्टार्टअप बंद करून टाका. कंट्रोल पॅनेल उघडा, हार्डवेअर अँड साऊंड, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायचा पर्याय. तिथे वर निळ्या अक्षरांतली ओळ दाबली की खालच्या खुणा बदलता येतात. टर्न ऑन फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढा आणि सेव्ह करा. चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण नेट वेळेवर येईल. माझ्या मते ज्यांचं सगळं काम नेटवर आहे त्यांनी हे बंदच ठेवलेलं बरं.

यूएसबीचं वाय-फाय डोंगल वापरत असाल तर आणखी एक खूण बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली तुमच्या कार्डावर डबल क्लिक करा. पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर त्यात वीज वाचवायला कॉम्प्युटरने हे उपकरण बंद करावं अशी परवानगीची खूण असते, ती काढा. ड्रायव्हर नवीन टाकायचा झाला तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घ्या. फुकट ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं एक काम करतात आणि चार नवीन दुखणी लावतात.

नेट आलंय, पण दुसरंच कुणीतरी पितंय

कॉम्प्युटर सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनाच नेट हवं असतं. विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, क्लाउडवर फोटो चढवणारी अॅप. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर किंवा लहान प्लॅनवर एवढी गर्दी झाली की तुमचं पोर्टल गोल-गोल फिरत राहतं. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्क या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त नेट खाणारा वर येतो. चोर समोरच दिसतो.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप अॅप्स आहे. नको ते प्रोग्राम तिथे डिसेबल करा. इथे एक सावधगिरी. सेवा केंद्रवाल्यांनी बोटाच्या ठशाच्या मशिनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि अँटिव्हायरस यांना हात लावू नये. मागे एका ठिकाणी उत्साहाच्या भरात सगळंच बंद केलं आणि ठसे घेणं थांबलं, रांग आणखी वाढली. नाव ओळखीचं नसेल तर राहू द्या.

हॉटस्पॉट वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, विंडोज मोठे अपडेट मग आपल्या मनाने ओढत नाही. पण अपडेट कायमचे बंद करू नका, आठवड्यातून एकदा काम संपल्यावर होऊ द्या. हॉटस्पॉटचीच दुसरी खोड म्हणजे बराच वेळ कुणी जोडलेलं नसलं की पुष्कळ अँड्रॉइड फोन तो आपणहून बंद करतात. कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा समोर वाय-फायच नसतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याचा पर्याय असतो, तो काढा. यूएसबी केबलने नेट घेत असाल तर टेदरिंग बहुधा दर वेळी नव्याने चालू करावं लागतं, तो बिघाड नव्हे.

केबल, भिंत आणि उंदीर

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. एक हजार एमबीपीएसला आठही लागतात, शंभरला चारच पुरतात. त्यामुळे उंदराने दोन तारा कुरतडल्या तरी नेट पूर्ण बंद पडेलच असं नाही. दोन्ही बाजू आधी जास्त वेगाने जोडायचा प्रयत्न करतात, ते जमत नाही, मग कमी वेगावर उतरतात. सुरुवातीचा उशीर आणि नंतरचा कमी वेग दोन्ही यातूनच. सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड बघा. राऊटर आणि कॉम्प्युटर दोन्ही हजारवाले असून तिथे १०० किंवा १० दिसलं तर केबल बदलून बघा. क्लिप तुटलेला कनेक्टर हाही तसाच, नुसता धक्का लागला तरी निसटतो.

वाय-फायच्या यादीत एकाच राऊटरची दोन नावं दिसत असतील, त्यातल्या एकापुढे ५जी लिहिलेलं असेल, तर ते मोबाईलचं फाईव्ह-जी नाही, पाच गिगाहर्ट्झ आहे. वेग जास्त, पण दगडी किंवा जाड मातीच्या भिंतीपलीकडे दम तुटतो. दोन भिंती मध्ये असतील तर २.४ वालं नाव निवडा आणि त्यालाच कनेक्ट ऑटोमॅटिकली ही खूण ठेवा. लोखंडी कपाटाच्या मागे राऊटर ठेवायची हौस असेल तर ती सोडा.

दुसऱ्या कॉम्प्युटरचा फोल्डर किंवा ड्राइव्ह इथे जोडून ठेवलाय आणि तो कॉम्प्युटर बंद असतो, असंही असतं. विंडोज सुरू होताना त्याला शोधत बसतं. धिस पीसीमध्ये लाल फुलीवाला ड्राइव्ह दिसला आणि तो लागत नसेल तर उजवं क्लिक करून डिस्कनेक्ट करा.

दोष नेमका कुठे, हे तीन ओळींत

एवढं करूनही जमलं नाही तर त्याच काळ्या खिडकीत पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा आणि राऊटरचा पत्ता टाका. आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवेसमोर असतो तो. आकडे इंग्रजीच टाकायचे. उत्तर आलं नाही तर दोष कॉम्प्युटर ते राऊटर एवढ्या अंतरातच आहे. आलं, तर आता पिंग ८.८.८.८ करा. तिथे रिक्वेस्ट टाइम्ड आऊट आलं तर राऊटरच्या पलीकडे, म्हणजे लाईनमध्ये किंवा कंपनीकडे अडचण आहे. तेही चाललं, तर पिंगपुढे एखाद्या वेबसाईटचं नाव टाका. आकड्यावर चालतं आणि नावावर नाही, असं झालं तर डीएनएस अडलंय, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ असा टाकून बघा. तिथेच शेजारी प्रॉक्सीचं पान आहे. तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसने मुद्दाम लावलेली नसताना मॅन्युअल प्रॉक्सी चालू दिसली तर बंद करा आणि अँटिव्हायरस चालवा, कारण असले उद्योग बऱ्याचदा नको ती सॉफ्टवेअरं करतात.

नेटवर्क रीसेट नावाचं बटणही सेटिंग्जमध्ये आहे, पण ते अगदी शेवटी. त्याने साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात, हाताने टाकलेले पत्ते जातात. बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा सरकारी कामाच्या मशिनवर आधी सगळ्या सेटिंगचे मोबाईलने फोटो काढा. त्या ऑफिसचा तांत्रिक माणूस असेल तर त्याला विचारल्याशिवाय दाबूच नका.

तक्रार करताना

दोष लाईनचा निघाला तर "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. किती वाजता चालू केलं, कोणता दिवा कसा होता, राऊटरला पिंग जातं की नाही, मोबाईलवर काय झालं, हे सांगा आणि दिव्यांचा फोटो पाठवा. तक्रार नंबर लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधून लावू नका. बिलावरचा, राऊटरच्या डब्यावरचा किंवा कंपनीच्या अॅपमधला घ्या. सर्चमध्ये खोटे नंबर पेरलेले असतात. पलीकडचा गोड बोलतो, स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला सांगतो, "दहा रुपये भरून रजिस्टर करा" म्हणतो आणि तेवढ्यात खातं साफ होतं. नेट दुरुस्त करायला ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. असं काही घडलंच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.